दुमडलेला कोपरा

दिवा हवा तर मालवा, पण मध्ये बोलू नका. आमच्या घड्याळजीच्या घरची गोष्ट आहे. त्याच्या दुसऱ्या बायकोनं स्वतः मला सांगितलेली.

एका शनिवारी संध्याकाळी ती नवऱ्याला घेऊन त्याच्या पिशव्या आणायला दवाखान्यात गेली. घड्याळजीचं आतडं कापून कापून थोडंसंच उरलेलं, खाल्लेलं अंगी लागायचं नाही. म्हणून रोज रात्री दुधासारखी पांढरी पिशवी टांगायची आणि छातीतल्या नळीतून पंपानं पोषण द्यायचं. पहिली बायको या कामाला कुणाचा हात लागू द्यायची नाही, सख्ख्या नणंदेचाही. नळीवर चिकटपट्टी लावताना तिचा कोपरा दुमडायची, काढताना त्याला दुखू नये म्हणून. ती वारली. वर्षानं ही आली, तर हा बाबा रोज रात्री म्हणणार, "ती कोपरा दुमडायची." हिच्या अंगाचा नुसता तिळपापड. मेली तरी सवतच ती! ही मुद्दाम पट्टी सपाट चिकटवायची.

त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, याचे डोळे पिवळे झालेत, पिशवीचा भार लिव्हरवर येतोय. आठवड्यातून दोन रात्री पिशवी बंद ठेवा, नाहीतर माणूस हातचा जाईल. काळजी वाटलीच तिला, पण आत कुठेतरी बरंही वाटलं. सवतीनं पाडलेला पायंडा मोडणार होता. घरी येऊन तिनं पिशव्या फ्रीजमध्ये ठेवल्या, त्या रात्री एकही टांगली नाही, आणि नळीचं तोंड बंद करून वर पट्टी दाबली.

रात्री अडीचला जाग आली. पंपाची घरघर.

पिशवी टांगलेली. अर्धी रिकामी.

नवरा गाढ झोपेत... हसत होता. हिच्याजवळ तसा कधीच हसला नव्हता. भीतीच्या आधी मत्सरच वाटला, असं ती म्हणाली.

तिनं पंप बंद केला. तो सुरू झाला. पुन्हा बंद. पुन्हा...

पलंगापलीकडे कुणी दिसत नव्हतं. गादी तेवढी दबलेली.

आयुष्यात पहिल्यांदा तिनं सवतीला ताई म्हटलं. "ताई, असं रोज लावलंत तर यांचं लिव्हर जाईल. हे तुमच्याकडे येतील."

...

पंप जोरात फिरायला लागला.

तेव्हा हिला कळलं, आपण काय बोलून बसलो.

नंतर पिशवी बंद ठेवायच्या रात्री ती पंप शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवायची. उपयोग झाला नाही; अडीचला घरघर पलंगाशीच. दोन महिन्यांत घड्याळजी पिवळाजर्द होऊन दवाखान्यात गेला. शेवटच्या रात्री उशाशी ही एकटीच. पट्टी तिनंच लावली होती, तळव्यानं दाबून दाबून.

पहाटे तो गेला. नर्स नळी काढायला आली. पट्टी अलगद सुटली.

कोपरा दुमडलेला होता.