दमपट्टी

पोळी तव्यावर फुगत असतानाच केतकीच्या मनगटावरची पट्टी बोलली, "आता बसा."

केतकी बसली. तिचा नवरा निहार मुकाट्याने सोफ्यावरून उठला आणि त्याने पोळी उलटली. आतल्या खोलीतून सासूबाई ओरडल्या, "अगं, पट्टी सांगतेय तर नीट टेकून बस ना!" या घरात असं कधी घडेल, हे केतकीला लग्नानंतरच्या वीस वर्षांत कुणी सांगितलं असतं तर तिला हसू आलं असतं.

मध्यंतरी ती जिन्यात चक्कर येऊन पडली, तेव्हा डॉक्टर हुंडेकरांनी ही दमपट्टी दिली. कातडीवर प्रकाश टाकून ती ठोके आणि रक्तातला थकवा मोजते. तिच्या तालावर श्रम आणि विश्रांती आलटूनपालटून घ्यायची, तो श्रमांतर व्यायाम.

"बोलताना धाप लागेल इतक्या भरभर जिना चढायचा," डॉक्टर म्हणाले होते. "मग पट्टी सांगेल तोवर बसायचं. सुरुवातीला एकच मजला. आणि बसणं चुकवायचं नाही, तोही व्यायामच आहे."

"आणि चादरी पिळताना, सासूबाईंना उठवून बसवताना धाप लागते ती?"

"पट्टीला सगळे श्रम सारखेच."

पट्टी दिवसभर बोलू लागली आणि घर ऐकू लागलं. "मी दमलेय" असं केतकी वर्षानुवर्षं म्हणत होती, तेव्हा कुणी जागचं हललं नव्हतं. यंत्राने सांगितलं आणि निहार कुकर लावायला शिकला. तिला याचा संताप यायचा, कधी रडूही यायचं. पण बसायला मिळत होतं, आणि भांडण्याइतकं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

मग ती बरी व्हायला लागली. दुसरा मजला जमला, तिसराही. ठोके लवकर खाली येऊ लागले, तशी विश्रांती आखडत गेली. आधी चहा निवांत पिऊन व्हायचा. आता कप तोंडाला लावते न लावते तोच पट्टी "उठा" म्हणायची.

"कमाल केलीत!" तपासणीच्या वेळी डॉक्टर खूश झाले. "हृदय अगदी तिशीतलं झालंय. आता घरकामाने पट्टी बोलायची नाही."

"म्हणजे सगळं पूर्वीसारखं जमेल हिला!" निहारला मनापासून आनंद झाला होता. येताना त्याने पेढे घेतले. केतकीने मात्र पुढचे काही दिवस जिना चढणंच सोडलं. हृदय काही बिघडेना.

रविवारी पाहुण्यांची जेवणं उरकली. भांडी आवरून, सासूबाईंना झोपवून केतकी ओट्यापाशी उभी राहिली. श्वास संथ होता, ठोके शिस्तीत पडत होते. पाय आणि पाठ मात्र भरून आली होती, आणि त्याहून आत कुठेतरी ती पार शिणून गेली होती. तिथवर पट्टीचा प्रकाश पोचत नसावा. ती तिथेच फरशीवर बसली. पट्टी गप्प होती.

निहार पाणी प्यायला आला आणि दचकला. "काय गं, काय झालं?"

"दमलेय मी."

तो तिच्यापाशी वाकला, काळजीनेच वाकला. तिचा हात हातात घेऊन त्याने मनगट उजेडाकडे वळवलं आणि पट्टी नीट निरखून पाहिली.

"पण ही तर काहीच बोलली नाही?"