पाच नंबरची चौकट

ही गोष्ट खरी आहे.

जिच्या बाबतीत घडली ती माझी सख्खी मोठी बहीण. खोटं बोलायला लागली की तिचे कान लाल होतात, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. हे सांगताना तिचे कान लाल झाले नव्हते. पांढरे पडले होते.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. रविवारची दुपार होती, अडीचचा सुमार. खिडकीतून लख्ख ऊन टेबलावर आलं होतं.

ताई एका कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात काम करते. खाली मोठमोठ्या थंड खोल्या, त्यांना गार ठेवणारे कॉम्प्रेसर आणि सगळीकडून फिरणाऱ्या अमोनियाच्या नळ्या. अमोनिया गळला तर माणूस मिनिटात कोसळतो. म्हणून बारा ठिकाणी बारा सेन्सर बसवले आहेत. हवेत गॅस किती आहे, ते त्यांचे आकडे सांगतात. ते आकडे एका डॅशबोर्डवर दिसतात. बारा चौकटी, बारा आकडे. मर्यादेत असले की हिरवे, नाहीतर लाल.

तो डॅशबोर्ड ताईने बनवलेला.

त्या दुपारी ती एकटीच वरच्या मजल्यावर होती. सोमवारी दहाला मीटिंग होती आणि तिला डॅशबोर्डच्या स्लाइड करायच्या होत्या. खालची व्हॉल्व्हची खोली आठ महिने बंद होती. त्याआधीच्या आठवड्यात तिथल्या नळ्यांमध्ये पुन्हा गॅस सोडला होता. सात दिवसांचे आकडे साहेबांना दाखवायचे, साहेब हो म्हणणार आणि दुपारी बाराला खोली उघडणार, असं ठरलं होतं.

आठ महिने ती बंद का होती, ते सांगते.

तिथे काटेकाका गेले.

हे त्यांचं खरं नाव नव्हे. तीस वर्षं त्यांनी मीटरचे काटे वाचले, म्हणून काटेकाका. जुनी गोल मीटरं होती तेव्हा ते प्रत्येक मीटरसमोर उभे राहायचे, नखाने काचेवर दोनदा वाजवायचे...

टक. टक.

...आणि मग गप्प उभे राहायचे, काटा कुठे थांबतो ते बघत. अडकलेला काटा काच वाजवली की सुटतो. "आधी काच वाजवायची, मग विश्वास ठेवायचा," असं ते नव्या पोरांना सांगायचे. पोरं त्यांची नक्कल करायची. जेवणाच्या डब्यावर टकटक करून म्हणायची, "काका, भाजी अडकली आहे का बघा!"

मग मीटरं काढली. सेन्सर आले, डॅशबोर्ड आला. वाजवायला काच उरली नाही.

एका सकाळी डॅशबोर्डवर सगळं हिरवं होतं. काकांनी व्हॉल्व्हच्या खोलीचं दार उघडलं आणि तिथेच पडले. चौकशीच्या अहवालात लिहिलं गेलं की गळती अचानक झाली आणि त्यांनी मास्क लावला नव्हता. फाइल बंद झाली.

त्यांच्या जागी त्यांची मुलगी लागली. सगळे तिला छोटी म्हणतात. सोमवारी खोलीत पहिली तीच जाणार होती. तिने स्वतःच मागून घेतलं होतं.

त्या दुपारी छोटीचा फोन आला.

"काय ताई, सुट्टीच्या दिवशी पण साहेबांची सेवा?"

"तुझीच सेवा चालली आहे. उद्या तुला आत जायचंय ना?"

"जाते की. बाबांनी तीस वर्षं सांभाळलेली खोली, दुसऱ्या कुणी का उघडावी? पण तुमचा डॅशबोर्ड हिरवा ठेवा हां. मी इथे पडून मोबाइलवर भुताच्या गोष्टी वाचतेय. एकेक वाचून असली टरकते ना!"

"दुसरं काही वाच गं बाई."

"दुसरं वाचून झोप येते," छोटी म्हणाली आणि हसत फोन ठेवला.

ताईने डॅशबोर्ड एक्स्पोर्ट केला. स्लाइड उघडली.

मांडणी बिघडली होती.

यात नवल काही नव्हतं. डॅशबोर्ड उभा लांब असतो आणि स्लाइड आडवी. एकातून दुसऱ्यात नेताना काही ना काही हलतंच. कधी अक्षरं मोठी होतात, कधी चौकटी एकमेकींवर चढतात. इथे आकडे चौकटीत मावत नव्हते. ते बाहेर सांडले होते. नीट बघितलं तर आकड्यांना शेपटं फुटली होती. २ च्या जागी २.३७१. शेजारी १.८४६. पलीकडे २.११९.

ताईने दशांश काढून टाकले. पानाचं माप बदललं. पुन्हा एक्स्पोर्ट केलं.

तेवढ्यात कुठेतरी वाजलं...

टक. टक.

खिडकीची काच असेल. उन्हाने काच तापते, चौकट ताणते, आवाज होतो. तिने मान वर केली नाही.

स्लाइड उघडली.

२.४०२. १.९१३. २.०८८.

दशांश परत आले होते.

"काय कटकट आहे," ती स्वतःशी म्हणाली. तिने चौकटींची रुंदी कुलूपबंद केली. अक्षरांचं माप कमी केलं. पुन्हा एक्स्पोर्ट.

टक. टक.

या वेळी आवाज जवळून आला होता.

आणि मग तिच्या लक्षात आलं की दुसरा एक आवाज नाहीये. खालच्या कॉम्प्रेसरची घरघर. ती चोवीस तास चालते. ऑफिसात नोकरीला लागलं की पहिले आठ दिवस तिचा त्रास होतो, नंतर ती ऐकू येत नाही. आता ती खरोखरच नव्हती. पंखा फिरत होता, पण त्याचाही आवाज नव्हता. सगळं ऑफिस कान देऊन बसल्यासारखं गप्प...

टक. टक.

घरघर पुन्हा सुरू झाली.

ताईने गेटवर फोन लावला. गेटवरचे रखवालदार मामा जुने माणूस.

"मामा, मघाशी वीज गेली होती का हो?"

"नाही बुवा. इथे टीव्ही चालू आहे, मॅच बघतोय. का हो?"

"कॉम्प्रेसर थांबल्यासारखे वाटले."

"ते थांबले असते तर घंटा बोंबलली असती." मामा जरा थांबले. "ताई, तुमच्याबरोबर वर कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग फोनवर टकटक कोण करतंय? मघापासून ऐकू येतंय मला. काचेवर वाजवल्यासारखं."

ताईने फोन ठेवला.

माझी बहीण घाबरट नाही. तिने स्वतःला समजावलं की सॉफ्टवेअर आहे, सॉफ्टवेअरला खोडी असतात. जुनी मांडणी कुठेतरी साठून राहिली असेल. यावर एक रामबाण उपाय आहे. डॅशबोर्डचा सरळ फोटो काढायचा आणि तोच स्लाइडवर चिकटवायचा. फोटोतले आकडे कसे बदलणार?

तिने सगळे दशांश काढले. पडद्यावर बारा चौकटी, नीटनेटक्या. २, २, २, २... तिने फोटो घेतला. चिकटवला. फाइल जतन केली, बंद केली.

डोळे चुरचुरत होते. नाकात काहीतरी झोंबत होतं. फार थोडं. साफसफाईच्या बाटलीचं झाकण कुणीतरी लांब कुठेतरी उघडावं, तेवढंच.

तिने फाइल उघडली...

फोटोतले आकडे चौकटीबाहेर आले होते.

२.३५५. १.८७०. २.१४२.

तरी ती बघत राहिली, आणि तेव्हाच तिला ते दिसलं. मघापासून ती बिघडलेल्या चौकटी बघत होती. न बिघडलेली चौकट तिने बघितलीच नव्हती.

बारांपैकी अकरा चौकटींमधून आकडे सांडले होते.

एक मात्र अगदी नीट बसली होती. पाच नंबरची. व्हॉल्व्हची खोली.

२.

शेपूट नाही, काही नाही. तिने मागच्या स्लाइड चाळल्या. सातही दिवस, सकाळ-संध्याकाळ, अकरा चौकटी मोडलेल्या आणि पाच नंबर जागच्या जागी. २. २. २.

चालू असलेला सेन्सर कधी इतका स्थिर नसतो. हवा हलते, दार उघडतं, ऊन पडतं, आणि आकडा थरथरतो. थरथरत नाही तो आकडा हवा मोजत नसतो.

अडकलेला असतो.

ताईने डॅशबोर्डमधली बदलांची यादी उघडली. कोणी, कधी, काय बदललं, ते तिथे लिहिलेलं असतं. दशांश पहिल्यांदा कुणी काढले, ते तिला बघायचं होतं.

तिथे तिचंच नाव होतं. समोर तिनेच लिहिलेलं कारण. 'स्लाइडवर आकडे मावत नाहीत. मांडणी दुरुस्त.'

तारीख काका जाण्याच्या अकरा दिवस आधीची.

आणि तिला तो प्रसंग आठवला. काका याच टेबलापाशी आले होते. टोपी हातात धरून, जरा संकोचून.

"पोरी, आकडे हलायचे थांबले गं. हलत होते तोवर बरं वाटायचं. आता जिवंत कुठला आणि मेलेला कुठला, कळत नाही."

ताई घाईत होती. ती हसून म्हणाली होती, "काका, दिसायला कसं छान दिसतंय ते बघा ना!"

काका बघत राहिले होते. मग त्यांनी सवयीने तिच्या मॉनिटरवर नखाने...

टक. टक.

आता आवाज खिडकीकडून आला नाही. समोरून आला. मॉनिटरच्या काचेवरून. अगदी पाच नंबरच्या चौकटीवरून.

ताई मागे सरकली नाही. तिला सरकताच आलं नाही. ती वाट बघत राहिली. कुणीतरी शेजारी उभं राहून तिच्याबरोबर आकड्याकडे बघतंय, असं तिला वाटत होतं. किती वेळ, ते तिला सांगता येत नाही. उन्हाचा पट्टा टेबलावरून खाली उतरला होता.

आकडा हलला नाही.

तिने स्लाइड दुरुस्त केल्या नाहीत. होत्या तशाच साहेबांना मेल केल्या आणि जिना उतरून गेली.

सोमवारी दहाला मोठ्या पडद्यावर पहिली स्लाइड आली आणि साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय? आकडे रस्त्यावर आलेत. एक दिवस जास्त मागायचा होतास."

"साहेब, पाच नंबर बघा."

"तो एकच तर नीट आहे!"

"म्हणूनच बघा," ताई म्हणाली. तिने सगळं सांगितलं. म्हणजे सेन्सरचं सगळं. आकडा थरथरत नाही, सेन्सर अडकलेला आहे, खोली उघडू नका.

साहेब कुरकुरले. पण मास्क चढवून दोघांना खाली पाठवलं. दाराच्या भोकातून हातातल्या गॅस-मीटरची नळी आत सारली. छोटी मागे उभी होती, हातात किल्ली घेऊन.

मीटरचा काटा सरसर वर गेला आणि शेवटाला टेकला.

छोटीने किल्ली खिशात टाकली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

संध्याकाळी साहेबांनी ताईला फोन केला. गळती बंद झाली होती, सेन्सर बदलायला काढला होता. "फाइल मी आत्ता पुन्हा उघडली," ते म्हणाले. "माझ्याकडे तर सगळं व्यवस्थित दिसतंय. दशांश कुठेच नाहीत. सकाळी तू दुसरी फाइल लावली होतीस का?"

ताईने दुसरी फाइल लावली नव्हती. दुसरी फाइल नव्हतीच.

एवढ्यावर संपायला हवं होतं ना? छोटी वाचली. काकांचं काम झालं.

संपलं नाही.

दर रविवारी दुपारी अडीचच्या सुमाराला ताईला ती टकटक ऐकू येते. कधी खिडकीवर, कधी बाथरूमच्या आरशावर. गेल्या रविवारी ती माझ्याकडे आली होती. स्वयंपाकघरात आम्ही दोघी समोरासमोर बसलो होतो. तिने मला हे सगळं सांगितलं. आमच्या मध्ये पाण्याचा काचेचा ग्लास होता. कुणीही हात लावलेला नव्हता.

ती टकटक मीही ऐकली. दोनदा. पाणी थरथरलं.

"ताई," मी हळूच विचारलं, "ते दशांश तू काढले होतेस, हे छोटीला सांगितलंस?"

तिने मान खाली घातली.

"ती मला मिठी मारून रडली गं त्या दिवशी. म्हणाली, ताई, तुम्ही मला वाचवलंत. त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगू? तुझे बाबा गेले तेव्हा तो आकडा मीच झाकला होता?"

मी ग्लास बाजूला सरकवला.

"तूच लिही," ती म्हणाली. "ती वाचते तिथे लिही. माझ्याच्याने बोलवत नाही."

म्हणून लिहिलं. छोटी, तू हे वाचत असशील तर आधी ताईला फोन कर. मग काय वाटेल ते बोल तिला.

आज रविवार आहे. अडीच वाजून गेलेत. हे लिहायला बसले तेव्हापासून माझ्या लॅपटॉपच्या काचेवर टकटक चालली होती. सुरुवातीला दचकत होते. नंतर सवय झाली.

शेवटच्या ओळींपाशी आले आणि ती थांबली.

खोलीत आता कसलाच आवाज नाही. पंख्याचाही नाही. मी मागे वळून बघितलेलं नाही.

काच वाजवून झाली की काटेकाका काय करायचे, ते मी वर लिहिलंच आहे.