पहिल्या हाकेला ओ

बाबूभाईच्या थापांनी आजवर कुणाचं वाकडं झालं नाही, असं सारी चामोर्शी सांगते. एक झिंगू सोडला तर. पण झिंगूचं कुणाला ठाऊकच नाही, म्हणून सांगणाऱ्यांचाही दोष नाही.

वैशाखातली दुपार होती. बाबूभाईनं आपलं टीव्ही-मोबाइल दुरुस्तीचं दुकान पुतण्याच्या, अजीमच्या, हवाली केलं, स्कूटरवर पाय ठेवायच्या जागी एक खोका उभा केला आणि मोहटोल्याची वाट धरली. खोक्यात मीटिंगचा कॅमेरा होता. गोल डोक्याचा, घुबडासारखी मान फिरवणारा. तो मोहटोल्याच्या आरोग्य उपकेंद्रात बसवायचा, म्हणजे पेशंट जंगलात आणि डॉक्टर तालुक्याला असला तरी दोघांची तोंडं एकमेकांना दिसतील. पण उपकेंद्राच्या समितीचा म्हातारा सुकलू हट्टी. तो म्हणाला होता, "बैल घेतो त दात पायतो. हा त डोळा आहे. वापरून पाहू, मंगच घेऊ."

रस्त्याच्या कडेला विडीच्या तेंदूपत्त्याचे पुडे वाळत पडले होते. साग नागडे उभे होते. बाबूभाई गाणं म्हणत चालला होता, कारण गप्प बसणं त्याला कधी जमलंच नाही. त्याची बायको शमसुन्निसा म्हणायची, या माणसाची जीभ मेल्यावरही तासभर हलत राहील.

उपकेंद्राची आतली खोली फिनाइलच्या वासाची. टेबल, कपाट, भिंतीवर पडदा, आणि कोपऱ्यात एक लाकडी बाक. रंजीता सिस्टर वही घेऊन बसली होती, जसं काही बाबूभाईचीच परीक्षा आहे. सुकलू दाराशी उकिडवा बसला होता. कॅमेऱ्याला वायर लावली तशी त्यानं कुर्र करून मान हलवली आणि पडद्यावर दुकानात बसलेला अजीम उगवला.

"चाचा, तुमचं टक्कल भी साफ दिसून राह्यलं."

"कॅमेऱ्यातला दोष आहे तो," बाबूभाई म्हणाला. "सिस्टर, याचा धरम एकच. जो बोलला त्याच्याकडं पायते, अन् त्याच्या तोंडाभोवती पिवळी चौकट काढते. गप्प बसला त्याच्याकडं ढुंकून पाहत नाई. आमची शमसुन्निसा मी गप्प बसलो तरी पायते."

रंजीता हसली. कॅमेरा लगेच तिच्याकडे वळला, तिच्या तोंडाभोवती चौकट काढली. ती दचकून पदर सावरू लागली.

"आता तुम्ही बोला. सुकलूभाऊ!"

सुकलू तंबाखू मळत राहिला.

"ओ सुकलूभाऊ! कान गेले का? सुकलूभाऊ!"

"काय जी," सुकलू शांतपणे म्हणाला. कॅमेरा त्याच्याकडे वळला.

"पयल्या हाकेले काऊन नाई बोलत बे म्हाताऱ्या?"

"पयल्या दोन हाका कोणाच्याई रायतेत. तिसरी माणसाची रायते," सुकलू म्हणाला. "जंगलातल्या माणसानं पयल्या हाकेले ओ देऊ नाई. आमचा झिंगू देत होता. गेला बिचारा."

झिंगूचं नाव निघालं तसं बाबूभाईनं एक वायर उगाच काढून पुन्हा लावली.

झिंगू म्हणजे मोहटोल्याचा भोळा गडी. मोहफुलं, डिंक, मध घेऊन बाजाराला यायचा आणि बाबूभाईच्या हाती सापडायचा. बाबूभाई शटरमागं लपून हाक मारी, हा पहिल्याच हाकेला "ओऽ जी!" म्हणत साऱ्या बाजारात शोधत फिरे. जंगलात हत्ती आले तेव्हा बाबूभाईनं त्याला सांगितलं, हत्तीची लीद चामोर्शीत किलोवर विकते. झिंगूनं पोतंभर लीद डोक्यावर आणली. बाजार आठ दिवस हसत होता. झिंगूसुद्धा हसला होता. जाताना म्हणाला होता, "एक दिवस मीबी तुमाले फसवीन जी."

"त्याच्यासाठीच हा कॅमेरा," रंजीता म्हणाली. आवाज खाली गेला होता. "गेल्या पावसात तो कोपऱ्यातल्या त्या बाकावर बसला होता. ताप डोक्यात चढलेला. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या बाजूच्या नाल्यापलीकडं अडकली. डॉक्टर फोनवर म्हणे, पाह्यल्याशिवाय मी काय सांगू? अन् हा बाकावरून उठेच ना. म्हणे, बाबूभाईले फोन केला, तो गाडी घेऊन निघाला, मले इथीच बस म्हणाला. बडबडत होता तापात. सांजेपर्यंत दाराकडं पाहत राह्यला."

रंजीतानं वही मिटली.

"तुमाले आला होता का जी फोन?" सुकलूनं विचारलं.

"मले?" बाबूभाई हसला. "मले कुठी फोन! तापातल्या माणसाचं काय घेऊन बसले?"

फोन आला होता. "बाबूभाई, मले लय ताप आहे जी. गाडी आणा." आणि बाबूभाईला वाटलं, घ्या, लिदीचा सूड! आपल्याला भर पावसात मोहटोल्याला पळवतो! म्हणून तोही म्हणाला, "ओ, निघालो ना बे. बस तू तिथीच." फोन ठेवला आणि चहा मागवला. चामोर्शीकडचा रस्ता मात्र त्या दिवशी सांजेपर्यंत चालू होता. झिंगू गेल्याचं आणि हे रस्त्याचं बाबूभाईला दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून त्यानं त्या फोनचं कुणालाही सांगितलं नाही.

"आता अंधारात पाहू," रंजीता म्हणाली. "पावसात इन्व्हर्टरवर एकच बल्ब चालते. तेवढ्यात दिसलं पाहिजे. नाई दिसलं त नाई घेत."

खिडक्या लावल्या. फटींवर काळ्या घोंगड्या टांगल्या. बाहेर डोकं फोडणारं ऊन, आणि आत भर दुपारी अंधार झाला. पडद्याच्या उजेडात तिघांची तोंडं राखेसारखी दिसू लागली.

आता इथं शहाणा माणूस गप्प बसला असता. पण बाबूभाईला ते खोटं सलत होतं, आणि काही सललं की त्याची जीभ सुटायची.

"हजेरी घेतो. रंजीता सिस्टर?"

"हजर." कुर्र... चौकट.

"सुकलूभाऊ, सुकलूभाऊ, सुकलूभाऊ?"

"हजर." कुर्र... चौकट.

"झिंगू?"

बाबूभाई बोलून गेला. शाळेत मास्तरांच्या तोंडून गैरहजर पोराचं नाव जातं, तसं.

"ओऽ जी!"

आवाज तिघांपैकी कुणाचाच नव्हता. कॅमेऱ्यानं सावकाश मान फिरवली. कोपऱ्याकडे. बाकाकडे. पडद्यावर रिकामं बाक दिसलं आणि त्याच्या वरच्या अंधाराभोवती, माणूस बसला तर तोंड येईल तितक्या उंचीवर, पिवळी चौकट उमटली.

"चाचा..." पडद्यातून अजीमचा आवाज आला. "बाकावर कोण बसून आहे?"

"कोणी नाई," बाबूभाई कुजबुजला.

"भिजून आहे तो. पाणी गळून राह्यलं..."

तेवढ्यात पडद्यावरचा अजीम थिजला, तोंड उघडं ठेवून. नेट गेलं होतं. वैशाखाच्या त्या खोलीत फिनाइलचा वास विरला आणि ओल्या घोंगडीचा वास आला. चिखलाचा, पावसात दिवसभर भिजलेल्या अंगाचा.

"बाबूभाई..."

आवाज थकलेला. रागाचा नव्हे, आणि तेच जास्त भयंकर होतं.

बाबूभाईच्या जिभेवर ओ आली होती. साठ वर्षांची सवय! त्यानं गळ्यातला दुपट्टा तोंडात कोंबला. अंधारात सुकलूचा हात त्याच्या मनगटावर आला आणि घट्ट झाला.

"बाबूभाई... निघाला का जी?"

दुसरी हाक. पाठ असलेली दुआ बाबूभाई अर्ध्यातच विसरला. तिघंही वाट पाहत राहिली. थेंब पडल्यासारखं काहीतरी फरशीवर टपकत होतं. तिसरी हाक आली नाही.

सुकलूनं घोंगडी ओढून काढली. ऊन आत घुसलं. बाक रिकामं.

रंजीताचा चेहरा पांढरा पडला होता, पण पहिला आला तो राग. "लाज नाई वाटत? मेलेल्या माणसाचा आवाज काढता?"

"सिस्टर, आईची आण, मी नाई..."

"लीद विकायले लावली तेव्हाबी आईचीच आण घेतली होती तुम्ही!"

खरं बोलणाऱ्या बाबूभाईवर विश्वास ठेवायची मोहटोल्याला सवयच नव्हती.  सुकलूनं मात्र बाकावरून हात फिरवला, हात नाकाशी नेला आणि धोतराला पुसला.

बाबूभाईनं कसाबसा कॅमेरा खोक्यात टाकला, झाकणंही धड मिटली नाहीत. खोका स्कूटरवर पायाशी ठेवला, किक मारली. उन्हाचा चटका अंगाला लागला तसं जरा बरं वाटलं. दोनच हाका. आपण ओ दिली नाही. वाचलो.

"थांबा जी!" रंजीतानं खोलीला कुलूप घातलं आणि पायरी उतरून स्कूटरच्या पुढ्यात आली. सुकलूही तिच्या मागं. राग थोडा उतरला होता. तिच्या हातात कॅमेऱ्याला वीज देणारा काळा अडॅप्टर होता. "हे राह्यलं. अन् ऐका, कॅमेरा आम्ही घेऊ. अंधारातबी दिसते त्याले. यंदा त्या बाकावर मी कोणाले मरू देणार नाई."

तिचे डोळे भरले होते. बाबूभाईला वाटलं, हिला तरी सांगून टाकावं. फोन आला होता म्हणावं. त्यानं अडॅप्टरसाठी हात पुढं केला आणि तोंड उघडलं.

"बाबूभाई..."

"ओ! निघालो ना बे!"

जीभ बोलून गेली. शब्द फोनवरचेच. साऱ्या आवारात ऐकू गेले.

रंजीता त्याच्याकडे पाहत राहिली. "कोणाले ओ देल्ली?"

"तुम्ही... हाक मारली ना आता?"

"मी त तुमच्यासमोर उभी आहे जी."

हाक मागून आली होती. सुकलू दोन पावलं मागं सरला आणि त्यानं नजर जमिनीकडे वळवली.

आणि पायाशी खोक्यात आवाज झाला. कुर्र.

अडॅप्टर बाबूभाईच्या हातात होता. वायर मोकळी लोंबत होती. अर्धवट मिटलेल्या झाकणातून कॅमेऱ्याचं गोल डोकं वर आलं, फिरलं आणि त्याच्या तोंडाकडे लागलं. बाबूभाईनं ओठ गच्च मिटले. आता तो बोलत नव्हता. कुणीच बोलत नव्हतं.

तरी कॅमेरा थांबला नाही. कुर्र... आणखी थोडा फिरला. त्याच्या कानाजवळून, खांद्यावरून, मागच्या सीटकडे.

तिथं थांबला. आणि स्कूटर मागून जराशी दबली.