खळ्यावरची बैठक

लोकांना घराबाहेर निवांत बसायची हौस असते आणि बसायला वेळ नसतो. माझा धंदा या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत चालतो. मी हर्षा. भंडाऱ्यात माझं लहानसं ऑफिस आहे. अंगण, परसबाग, गच्ची यांची मांडणी मी करून देते. सावली कुठे हवी, झोपाळा कुठे, पाय कुठे पसरायचे, एवढंच ठरवायचं असतं. नऊ वर्षांच्या अनुभवातून एक शिकले. घरमालक सांगतो त्यातलं निम्मं खोटं असतं, आणि उरलेलं निम्मं त्याच्या बायकोला माहीत नसतं. त्यामुळे मी कुणावर चटकन विश्वास टाकत नाही.

करडीहून प्रफुल्लचा फोन दिवाळीनंतर आला. त्याची मोहाडीला कचेरीत नोकरी. गावातल्या घरात तो, बायको खुशबू आणि आई चंद्रभागाबाई, अशी तिघंच. खुशबूने कुठल्या कुठल्या रिसॉर्टचे फोटो मोबाइलमध्ये जमवून ठेवले होते.

"मॅडम, संध्याकाळी चहा घेऊन बसता आलं पाहिजे, बस्स," ती म्हणाली. "अन् पाहुणे आले तर त्यांनी म्हणलं पाहिजे, वा."

जागा पाहून मीच मनात 'वा' म्हटलं. घरामागे तीसेक फुटांचं अगदी गोल अंगण होतं. माती वर्षानुवर्षं दाबून टणक झालेली, वरून शेणाने सारवलेली. पलीकडे थेट धानाच्या बांध्या, बांधांनी आखलेली भातशेतं. कापणी नुकतीच उरकली होती आणि हवेत ओल्या तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा, वास होता. अंगणाच्या मधोमध कमरेएवढा लाकडी खुंट उभा होता. हे त्यांचं जुनं खळं. या खुंटाला मेढ म्हणतात, पूर्वी तिला बैल बांधून मळणी व्हायची. आता मशीन शेतातच धान काढून देते, म्हणून खळं बावीस वर्षं तसंच पडून होतं. तरी चंद्रभागाबाई ते रोज सारवत होत्या.

मी गोल मोडला नाही. कडेने बांबूचा मांडव घातला, त्यावर मधुमालती सोडली. एका अंगाला सुती दोरांचा झोपाळा टांगला. मेढ घासून तिला तेल पाजलं, तिच्या डोक्यावर पिवळा दिवा बसवला आणि तिच्याभोवती अर्धगोल दगडी बाक केला. ईश्वर मिस्त्रीने दगड इतका सुरेख घासला की हात फिरवत राहावंसं वाटे.

चंद्रभागाबाई हे सगळं मागच्या दारात बसून बघत. झोपाळ्याला त्यांनी नाक मुरडलं नाही की दिव्याला नावं ठेवली नाहीत. मला जरा संशयच आला, कारण म्हाताऱ्या माणसांची हरकत नसलेलं काम मी अजून केलेलं नाही. बाक पुरा झाला त्या दिवशी मात्र त्या उठून आल्या.

"बाक राहू दे, बाई. पन मेढीच्या या अंगाले कोनाले बसू देऊ नोको."

"बाक बसायलाच असतो, काकू."

"बाकी समदीकडं बसा ना. इथं नोको."

प्रफुल्लने मला बाजूला घेतलं. त्याचे बाबा, तेजराम, बावीस वर्षांपूर्वी इथंच वारले होते. तेव्हापासून आई पहाटे उठून खळ्यावर येते आणि मेढीजवळ बसून बोलते, असं त्याने खाली मान घालून सांगितलं.

"गावात लोकं हसून राहिले, मॅडम. मी म्हणलं, तुमसरले ताईकडं जाऊन राहा. तर दोन दिवस जेवली नाही. आता हे नवीन झालं की तिचं मन बदललं पाहिजे. नाही बदललं, तर संक्रांत झाली की मी तिले तुमसरले नेऊन टाकणार."

'नेऊन टाकणार' हा शब्द मला खटकला. या घरात माझ्या बाकावर एका म्हातारीचा मुक्काम ठरणार होता आणि मला ते आधी कुणी सांगितलं नव्हतं.

डिसेंबरात फोटो काढायला मी सकाळी सातला पोचले. रात्रभर दव पडलं होतं. मांडव ठिबकत होता, झोपाळ्याचे दोर जड झाले होते, दगडी बाक पाणी शिंपडल्यासारखा चमकत होता. मेढीच्या त्या अंगाला मात्र बाकावर हात-दीड हात जागा ठणठणीत कोरडी होती. खाली जमिनीवरही दोन पावलांएवढे कोरडे डाग होते, जरा फाकलेले, पाय सोडून बसल्यावर असतात तसे.

मी आधी मिस्त्रीला फोन करून झापलं. वेगळं पॉलिश मारलं का? तो आईची शपथ घ्यायला लागला. मग वाटलं, दिव्याची ऊब असेल. दोन रात्री दिवा बंद ठेवायला लावला. डाग तसाच. मग मी सरळ घरच्यांवर आले. कोरडी जागा म्हणजे रात्रभर तिथे कुणीतरी बसलं होतं, हे शेंबड्या पोरालाही कळेल.

मला प्रफुल्लचाच संशय होता. आई रात्रभर थंडीत बसते असं दाखवून तिला तुमसरला धाडायला त्याला निमित्त हवं होतं. मी करडीलाच मुक्काम ठोकला, जेवताना चंद्रभागाबाईंकडून लाखोरीच्या डाळीचं वरण दोनदा मागून घेतलं. संध्याकाळी बाकाभोवती चार-चार हात रांगोळीची बारीक पूड पसरली. मागच्या दाराला माझं कुलूप लावलं आणि किल्ली उशाखाली घेतली. चंद्रभागाबाई माझ्याच खोलीत झोपल्या होत्या, रात्रभर त्यांचं घोरणं मी ऐकलं.

सकाळी कुलूप उघडलं. रांगोळीवर दवाची पातळ खपली धरली होती. तिच्यावर चिमणीचंही पाऊल नव्हतं. बाकावरची जागा कोरडी होती.

चंद्रभागाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. मी हरले होते आणि त्यांना ते दिसत होतं.

"खळ्यावर धान असलं का राखन लागते," त्या हळू बोलल्या. "अन् राखनवाला दुसरा बसल्याबिगर उठत नाही. खळं घडीभर बी सुनं ठेवू नये, अशी आमच्या घरची रीत हाय. हे गेले त्या राती माह्ये दीर, डोमा भाऊजी, येनार होते याईले उठवाले. भाऊजीची झोप लागली. सकाळी पाह्यलं, तर हे मेढीले टेकून बसलेच होते. आंग थंडं."

"मग?"

"मग काय. अजून कोनी बसलं नाही."

"तुम्ही का नाही बसलात?"

"बाईमानूस राखनीवर बसत नाही. अन् दुसऱ्या कोनाचं लेकरू बसवू मी? थंडीपावसात पाह्यते त्याईले, जीव तुटते. पन मले सोबत बी हाय, खोटं कायले बोलू."

मला रडू आलं, आणि त्याचा रागही आला. शहाण्या बाईने एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, हिच्यासमोर कुणीतरी एकदा तिथे बसावं आणि काहीच होऊ नये. मग ही आपली मोकळी होईल, पहाटे बाहेर येणार नाही आणि आपल्या घरात राहील. बाईमाणूस बसत नाही, असं तिनेच सांगितलं होतं. म्हणजे तिच्या रीतीनेही मला धोका नव्हता. एवढा हिशेब मी केला.

संध्याकाळी खुशबूने चहा आणला. प्रफुल्ल झोपाळ्यावर होता. सूर्य बांध्यांपलीकडे टेकला होता. मी कप घेतला आणि मेढीकडे गेले. चंद्रभागाबाईंनी माझं मनगट धरलं.

"नोको, पोरी."

"पाच मिनिटं, काकू."

मी बसले.

दगड गरम होता. कुणी आत्ता उठून जागा दिल्यावर खुर्ची असते तेवढा.

मग बांधीतल्या तणसावर आवाज झाला. सावकाश पावलांचा. पायाला मुंग्या आलेला माणूस चालतो तसा, आधी एक पाय, मग थांबून दुसरा.

"कुत्रं असन," प्रफुल्ल म्हणाला.

चंद्रभागाबाईंनी डोक्यावरून पदर ओढून घेतला. त्यांची नजर माझ्यापासून निघून अंगणाच्या कडेला गेली, तिथून बांधीत, तिथून दूर.

आवाज थांबला. मी चहा संपवून उठले. मला काहीही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाक सगळा ओला होता. तिसऱ्या दिवशीही. प्रफुल्लने माझे आभार मानले. आई आता उजाडेपर्यंत झोपते, तुमसरचं मी मनातून काढलं, असं म्हणाला. निघताना मी चंद्रभागाबाईंच्या पाया पडले.

"गेले," त्या म्हणाल्या. "मागं वळून बी नाही पाह्यलं." मग माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला. "तू काहून बसली वं?"

जानेवारीत मी दुसऱ्या कामाला लागले. झोप पुरत नव्हती, एवढंच. आठ तास झोपूनही पाठ दगडासारखी व्हायची आणि दोन रजयांमध्ये पाय गार पडायचे. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं.

काल सकाळी खुशबूने फोटो पाठवला. मधुमालतीला पहिला घोस आला होता. मी फोटो मोठा करून पाहिला. बाक दवाने चमकत होता, मेढीजवळ एक जागा कोरडी होती. आधीच्यापेक्षा अरुंद. खाली पावलांचे डाग लहान होते, एकमेकांना चिकटून.

मी फोन लावला. "तिथे कोण बसतं गं?"

"कोणीच नाही, मॅडम. पाहुणे आले तरी आई काठी घेऊन उभी राहते. म्हणते, एक पोरगी अडकली ते पुरे, आता कोनाले बसू देत नाही." ती कसनुसं हसली. "आता तर रोज झोपायच्या आधी तिथं ताट ठेवून राहिली. लाखोरीच्या डाळीचं वरण अन् भात. मांजर खात असन, पण सकाळी ताट साफ असते. आई म्हणते, मॅडमले लाखोरी आवडते."

मी रात्री नुसतं दूध पिऊन झोपले होते. फोन धरलेल्या माझ्या उजव्या हाताची बोटं हळदीने पिवळी झाली होती, आणि नखाजवळ एक शीत सुकून चिकटलं होतं.