मागचं एक

श्वास मोजायचा तर पुरं मिनिटभर मोजावा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करणारे बहाद्दर विलासनं पुष्कळ पाहिले होते. चहा निवतोय म्हणून पंधरा सेकंदांत उरकून चारानं गुणणारेही पाहिले होते. तो त्यांतला नव्हता. घड्याळ डोळ्यांसमोर धरायचं, समोरच्याच्या पोटाकडं बघायचं आणि काटा निघाल्या जागी परत येईस्तोवर तोंडातून अक्षर काढायचं नाही. ही शिस्त वडिलांची. भीमराज गुरुजी आळंद तालुक्यात तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. घरात त्यांचं एकच पालुपद चालायचं, "डोळ्याला दिसतंय ते लिही, मनाला वाटतंय ते लिहू नको."

काम होतं न्यूमोनियाचं. खरं म्हणजे न्यूमोनिया बरा झाल्यानंतरचं. ताप उतरतो, छाती मोकळी होते, माणूस आपल्या पायांनी घरी येतो, शेजारी नारळ फोडतात. आणि तीनचार महिन्यांनी तोच धडधाकट माणूस तुरीच्या राशीवर बसल्या जागी कलंडतो. हृदय. गेलेला आजार जाता जाता हृदयावर काहीतरी ठेवून जातो, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. कुणाच्या हृदयावर ठेवून जातो ते आधी ओळखता येईल का, एवढंच कलबुर्गीच्या त्या संशोधनाला शोधायचं होतं. म्हणून बरे झालेल्यांना वर्षभर दर महिन्याला गाठायचं, श्वास मोजायचे, पाठीला यंत्र लावून छातीतला आवाज फोनमध्ये भरून घ्यायचा. यादीतलं शेवटचं नाव विलासनं रीतसर परवानगी काढून घातलं होतं: भीमराज गुरुजी, वय बहात्तर, दिवाळीत अकरा दिवस दवाखान्यात काढून परतलेले. आकडे चोख राहिले तर आपला बाप कलंडणाऱ्यांतला आहे का, ते वेळेवर कळेल. त्याच्या काटेकोरपणामागं एवढाच स्वार्थ होता.

यादीतली सात माणसं कुरणवाडीची. हळ्ळीखेडच्या पुढं डांबरी सोडली की काळ्या रानात तीन किलोमीटर आत, बावीस घरांची वस्ती. पूर्वी मेंढपाळांची, आता तिथं मेंढरू औषधालाही नाही. कुणी तूर-ज्वारी करतो, कुणी हैदराबादला बांधकामावर जातो. वस्तीच्या तोंडाशी मेंढरांचं जुनं वाडगं मात्र राखलेलं. छातीएवढा दगडी गडगा, आत रिकामी जमीन, आणि बाभळीच्या काट्यांचं फाटक. ते फाटक सदा सताड उघडं असायचं.

कुरणवाडीत त्याला पाणी विचारत नसत. तो दिसला की बाज भिंतीला उभी करत. कुत्रं अंगावर आलं तर माणसं बिडी ओढत बघत बसायची, जणू तमाशाचा फड लागलाय. विलासला हे नवं नव्हतं. आडनाव ऐकलं की बाजा उभ्या राहतात, हे त्याला दहाव्या वर्षापासून माहीत होतं आणि त्या रागासाठी त्यानं मनात एक कप्पा वेगळा करून ठेवला होता. कुरणवाडीचा रागही त्यानं न उघडता त्याच कप्प्यात टाकला. इथं राग नेमका कशाचा, हे त्यानं कधी विचारलंच नाही.

तिसऱ्या महिन्यात, भर दुपारी, बाकीच्या सहा जणांची मोजणी उरकून तो इरप्पाच्या अंगणात आला. इरप्पा सत्तरीचा, न्यूमोनियातून उठलेला, चार पावलं टाकली की धाप लागणारा. जिभेला मात्र धाप नव्हती.

"आला का रं धापा मोजणारा!" तो ओरडला. "मी मेल्यावर बी मोजशील का?"

"मेल्यावर सोपं पडतंय, मामा. शून्य लिहायचं."

इरप्पा हसला नाही. "शून्य म्हन. तसं ऱ्हात न्हाई हितं."

मंगल शेजारी उभी होती. वस्तीतलीच सून, आरोग्याचं काम बघणारी. दोघं एकाच वेळी मोजायचे. ती नुसत्या डोळ्यांनी, तो घड्याळ आणि यंत्र लावून. विलासला चोवीस मिळाले. मंगलनं वहीत पंचवीस लिहिले. त्यानं मागची पानं उलटली. सात माणसं, तीन महिने, एकवीस आकडे. प्रत्येक ठिकाणी मंगलचा आकडा एकानं जास्त. एखादी चूक असती तर कधी कमी, कधी जास्त निघाली असती. हे चुकीसारखं दिसत नव्हतं.

"मंगलताई, हे एक कुठून आणायलाव?"

तिनं आधी इरप्पाकडं पाहिलं, मग वाडग्याकडं. "आमच्यात तसंच मोजत्यात, सर."

"म्हणजे?"

"सांजच्याला मेंढरं आत घेताना दारात मोजायचे. शेवटचं आत गेलं तरी फाटक लावायचे न्हाईत. जरा थांबायचे, अन् आनिक एक आकडा म्हनायचे. कळपाच्या मागं एक चालतंय. त्याला मोजलं की ते गप पडून ऱ्हातंय, कुनाला काय करत न्हाई."

"आणि नाही मोजलं तर?"

"मग जागा करून घेतंय."

विलासनं श्वास सोडला. "मेंढरं कुठायत आता?"

"तेच की, सर. इकून सहा वर्षं झाली. मोजनंच बंद पडलं, तर ते बी गप हुतं." तिचा आवाज खाली गेला. "मग तुमी आलाव. मोजायला लागलाव."

विलासला वडिलांचं नाव आठवलं, यादीतलं शेवटचं. या असल्या आकड्यांवर त्यांचा जीव तोलला जाणार होता. त्यानं खिशातून लाल पेन काढलं.

"सर, नका," मंगल म्हणाली. "तुमी भाईरचे हाव, तुमाला..."

"मंगल, गप बस गं!" दारातून इरप्पाची बायको, सुगंधाबाई, बोलली. एवढ्या महिन्यांत तिचा आवाज विलासनं पहिल्यांदा ऐकला. "सायबाला त्यांचं काम करू दी."

तो मंगलचा एकेक आकडा खोडत गेला. इरप्पा बाजेवरून वाकून पेनाकडं बघत होता आणि प्रत्येक रेघेला त्याचे ओठ हलत होते.

"समदे झाले?"

"सगळे."

"तुज्या हातानं?"

"माझ्याच हातानं, मामा."

"मग सही बी कर की, मास्तराच्या पोरा."

विलासनं सही केली.

आणि काय सांगावं, वस्तीचा नूरच पालटला. कुणीतरी बाज आडवी केली, वर धुतलेली वाकळ टाकली. सुगंधाबाईनं बशीवर ठेवून चहा आणला, सोबत शेंगा नि गूळ. कुत्र्याला पट्ट्याला धरून बांधलं. माणसं भोवती उभी राहिली, कुणी आळंदच्या बाजारात तुरीचा भाव काय चाललाय ते विचारलं. विलासला वाटलं, जिंकलं आपण. तो निघाला तेव्हा इरप्पा त्याच्यासोबत मोटारसायकलपर्यंत चालत आला. शंभर पावलं, आणि धाप नाही.

"अप्पाला नमस्कार सांग," इरप्पा म्हणाला. "घरी कोन कोन असतंय?"

"मी आणि अप्पाच."

"बेस झालं."

वळणावर विलासनं आरशात पाहिलं. चार माणसं वाडग्याचं काटेरी फाटक ओढून बंद करत होती. बाकीची वस्ती त्याला निरोप द्यायला उभी होती, पण बघत होती ती त्याच्याकडं नव्हे. मोटारसायकलच्या मागं, हातभर अंतरावर. मंगलनं पदर तोंडात धरला होता.

हुमनाबाद मागं टाकल्यावर रस्त्यात मेंढरांचा कळप आडवा आला. दोनेकशे मेंढरं असतील. विलासनं गाडी थांबवली, पाय टेकले. मेंढरं गाडीला वळसा घालून जाऊ लागली. पुढच्या चाकाला अंग घासत होती, त्याच्या पोटऱ्यांना लोकर लागत होती. मागच्या चाकाजवळ मात्र कळप फाटत होता आणि दूर जाऊन पुन्हा मिळत होता. मधे बाजेएवढी जागा मोकळी राहिली. धुरळा उडाला तरी त्या जागेतली माती हलली नाही.

"गाडी काढा की, अण्णा," मेंढक्या खेकसला. तो विलासकडं बघत नव्हता. "मेंढरं बिथरायलीत. कामून आणलाव हिकडं?"

"काय आणलं?"

मेंढक्या काठी आडवी धरून मागं सरला.

आळंदला पोहोचला तेव्हा उन्हं अजून ओट्यावर होती. भीमराज गुरुजी खुर्चीत बसून पेपर वाचत होते. त्यांची महिन्याची मोजणी आजच होती. विलासनं हातपाय धुतले, घड्याळ लावलं. अठरा. यंत्राला जोडलेल्या फोनच्या पडद्यावर, आवाजाच्या आलेखातही अठरा शिखरं. त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलं.

"आता मोठा श्वास घ्या, अप्पा, अन् रोखून धरा. हृदय ऐकतो."

गुरुजींनी शाळेतल्या पोरासारखं चिमटीत नाक धरलं. विलासनं यंत्र त्यांच्या छातीवर ठेवलं, त्याच्या नळ्या कानात घातल्या. ठोका. ठोका. ठोका.

मग कुणीतरी श्वास घेतला.

सावकाश, खोल, ओला. तापल्या तव्यावर मीठ पडावं तशी बारीक तडतड त्या श्वासात होती. न्यूमोनियाची छाती अशी वाजते, हे विलासला पाठ होतं. गुरुजींचं तोंड मिटलेलं होतं, नाक चिमटीत होतं, पोट थांबलेलं होतं. विलासनं स्वतःचाही श्वास रोखला. यंत्र वडिलांच्या छातीवरून उचलून खुर्चीच्या लाकडाला लावलं.

श्वास सुटला. लाकडातून.

त्यानं वहीत लिहिलं: एकोणीस. त्याच क्षणी कानातला आवाज बंद झाला. कुणीतरी कूस बदलून निजल्यासारखा.

"मी बी मोजत हुतो," गुरुजी चष्मा सावरत म्हणाले. "अठरा आलेत."

"अप्पा, राहू द्या."

"कामून राहू द्या? यंत्र दाखव." त्यांनी पडद्यावरची शिखरं बोटानं मोजली. "अठरा. मग हे एक कुठलं?"

विलासनं सांगितलं. कुरणवाडी, वाडगं, मेंढरं, सगळं, जमेल तेवढं थोडक्यात. गुरुजी ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा आवळत गेला.

"तीस वर्षं मी लोकांच्या पोरांना खोटं लिहू नका म्हणून शिकवलं," ते म्हणाले. "अन् माझाच पोरगा, माझ्याच नावापुढं?"

लाल पेन वहीतच होतं. विलासचा हात पुढं जायच्या आत त्यांनी आकडा खोडला, वर ठसठशीत अठरा लिहिले, आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विलासनं नुसत्या डोळ्यांनी मोजले. सतरा. यंत्र लावलं. अठरा.

तिसऱ्या दिवशी डोळ्यांनी सोळा. यंत्रात अठरा.

चौथ्या दिवशी त्यानं वडिलांना कलबुर्गीला नेलं. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, रक्तातला ऑक्सिजन पाहिला, पाठीला यंत्र लावलं. "इतके चांगले आकडे या वयात बघायला मिळत नाहीत," ते म्हणाले. गुरुजी खूश झाले, वाटेत त्यांनी मिरची-भजी खाल्ली.

आठव्या दिवशी डोळ्यांनी अकरा.

विलास कुरणवाडीला गेला. वाडग्याच्या फाटकावर ताज्या बाभळीचे काटे पुरुषभर उंच रचले होते. वस्तीच्या अलीकडंच माणसं आडवी झाली. या वेळी कुत्रं सोडलेलं होतं. इरप्पा तुराट्यांचा भारा डोक्यावर घेऊन तरण्या माणसासारखा पुढं आला.

"हितून फुडं येऊ नको. आमचं समदं जुळायलंय आता."

मंगल तिथंच बाजूच्या हापशावर होती. तिनं मान वर केली नाही.

"ज्यानं खोडलं त्यानंच परत लिवावं लागतंय, सर," ती घागरीकडं बघत पुटपुटली. "लिवा की एक आकडा. काय जातंय?"

"मी लिहिला होता. अप्पांनी खोडला."

घागर भरून वाहायला लागली. मंगलनं ती उचलली आणि ती निघून गेली.

त्या दिवसापासून विलास वडिलांच्या मागं लागला. पाया पडला. रडला. एक आकडा लिहा अप्पा, माझ्यासाठी, पुन्हा कधी मागणार नाही. गुरुजी थंडपणे म्हणाले, "एकोणीस आले तर लिहीन. न आलेला आकडा लिहिणार न्हाई."

पंधराव्या दिवशी सकाळी ते स्वतःच म्हणाले, "आण ते यंत्र. तुझ्यासमोर मोजतो, म्हणजे तुझं डोकं ठिकाणावर येईल."

त्यांनी नळ्या स्वतःच्या कानात घातल्या. डोळे मिटले. काटा निघाला. त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर एकेक ठोका देऊ लागली, संथ, अचूक.

विलास समोर बसून त्यांच्या पोटाकडं बघत होता. सदऱ्याला एक घडी पडली होती. तो त्या घडीवर नजर लावून बसला.

काटा फिरून जागेवर आला.

"अठरा," गुरुजी समाधानानं म्हणाले. "लिही."

घडी एकदाही हलली नव्हती. बोलतानाही नाही.