मिठूचा पाच

"पॉलिश पेपर कशाला? दार घासायचंय का?"

मला वाटलं, हार्डवेअरवाल्यानंच विचारलं. पिशवीत पाकीट शोधता शोधता मी सरळ उत्तर दिलं, "नाही, चार कापायचाय."

"चार काय?"

"चारचा आकडा. खरखरीत हवा. बोट फिरवलं की कळला पाहिजे."

वर बघते तर हार्डवेअरवाला आत गेलेला. विचारणारा शेजारीच उभा होता, हातात बल्बचा खोका... आणि चष्म्यामागचे डोळे हसत होते.

"माफ करा," तो म्हणाला. "उगाच चौकशा करायची खोड आहे मला. पण चार कापणारं माणूस पहिल्यांदाच बघतोय."

मी पैसे देऊन निघाले. रस्ता ओलांडेपर्यंत मात्र हसू आवरेना.

पुढच्याच आठवड्यात तो आमच्या केंद्रात, माझ्या खोलीच्या दारात उभा. बोटाला धरलेली सहा-सात वर्षांची मुलगी. जी मुलं सावकाश शिकतात, त्यांना मी लिहायला-वाचायला शिकवते. मला ओळखल्यावर त्याचे कान लाल झाले.

"ही मिठू," तो म्हणाला. "ऐकलेलं सगळं बोलून दाखवते म्हणून मिठू. आकडे तोंडपाठ आहेत, पण लिहायचं म्हटलं की पेन्सिल गळून पडते."

मिठूला डाउन सिंड्रोम होता. बोटं आखूड, मऊ, त्यांत जोर नाही. पण नजर अशी की समोरच्याला आरपार बघावं. तिनं माझ्या ओढणीचा गोंडा धरला आणि सोडलाच नाही.

चौकातलं चष्म्याचं दुकान त्याचं. "दिवसभर लोकांकडून आकडे वाचून घेतो," तो म्हणाला, "आणि घरात साधा एक काढून घेता येत नाही."

आम्ही ताटातल्या वाळूपासून सुरुवात केली. मग पॉलिश पेपरच्या आकड्यांवरून बोट फिरवायचं, मग पाटी. खडू अख्खा द्यायचा नाही. इवलासा तुकडा द्यायचा, म्हणजे तो आपोआप तीन बोटांत धरला जातो. तिचा बाबा शेजारी बसायचा आणि न राहवून मिठूची मूठ धरून स्वतःच लिहायचा.

"हा एक तुम्ही काढलात," मी म्हणायची.

"मग मी करू काय?"

"कोपराखाली हात ठेवा. नुसता आधार. ढकलायचं नाही."

त्यानं ठेवला. "माझाच हात थरथरतोय हो."

"तुम्हालाही देऊ का खडूचा तुकडा?"

"द्या. पण मग माझ्याही कोपराला कुणीतरी—" तो थांबला. मी पाटी पुसायला लागले, जी आधीच कोरी होती.

मिठूची आई दोन वर्षांपूर्वी माहेरी गेली होती. "आमचा छत्तीसचा आकडा नव्हता," त्यानं एकदा सांगितलं. "भांडण असतं तर मिटवलं असतं. तिला मिठूकडे बघवेना, एवढंच."

एक जमला, दोन जमला. तीननं फार रडवलं. चार मिठूला फार आवडला, कारण त्याचे दोन्ही हात वर. ती त्याला 'उचल' म्हणायची.

एका संध्याकाळी पावसात अडकले म्हणून त्याच्या दुकानात शिरले. मिठू काउंटरमागे झोपली होती. त्यानं मला खुर्चीत बसवलं, नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली.

"कुठली ओळ दिसते?"

"अगदी खालची."

"मग डोळे उत्तम आहेत. तरी इतके दिवस समोरचं दिसत नव्हतं?"

"दिसत होतं," मी म्हणाले. "वाचलं नव्हतं."

बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता. काच बदलताना त्याची बोटं माझ्या कानामागे लागली... आणि तिथेच राहिली.

"दोनाचे चार व्हायला काय लागतं?" त्यानं हळूच विचारलं.

"आधी तुमचं मागचं मिटायला लागतं."

"वकिलांशी बोललोय. तू थांबशील?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. मी फ्रेम काढून त्याच्या हातात दिली. "मी कुठे पळून चाललेय?"

आणि मग मिठूनं पाच काढला. कुणाचा हात कोपराला नाही, खांद्याला नाही. खडू कचकचला, अर्धा गोल वाकडा गेला, शेपूट पाटीबाहेर. पण पाचच. त्यानं मोबाइलवर सगळं टिपलं होतं.

"तिच्या आजीला पाठवा ना," मीच म्हणाले. "माहेरच्या माणसांनाही आनंद होऊ दे."

त्यानं पाठवलं. आजीनं ते आपल्या मुलीला दाखवलं. दोन दिवसांत ती आली.

मला तिचा राग राग करायचा होता, पण जमेना. ती माझ्या खोलीत छोट्या खुर्चीवर अवघडून बसली आणि म्हणाली, "मला वाटलं होतं, हिला कधीच काही येणार नाही. रोज तेच बघायचं बळ नव्हतं माझ्यात. आता राहते मी. मला शिकवाल?"

एक काढता न येणाऱ्या मुलीला सोडून गेली होती, पाच काढणाऱ्या मुलीकडे परत आली. तोंडावर आलेलं हे वाक्य मी गिळलं. कारण मिठू तिच्या मांडीवर चढून बसली होती, आणि 'आई, आई, आई' म्हणत तिचे गाल चाचपत होती.

"तिची मूठ धरू नका," मी म्हणाले. "कोपर धरा."

ती लगेच शिकली. सहा तर त्या दोघींनीच काढला. जाताना तिनं माझे दोन्ही हात धरले. "तुमचे उपकार कसे फेडू, सांगा."

मी म्हटलं, "रोज सराव घ्या."

त्या दोघी पायऱ्या उतरल्या. तो मागे राहिला.

"मिठूला आई हवी," तो म्हणाला.

"कळतंय मला ते."

"रात्री उठून हाका मारायची गं ती तिला. आता मारत नाही."

"आणि तुम्हाला काय हवंय?"

तो पाटीकडे बघत म्हणाला, "ते मला विचारू नकोस. सांगितलं, तर मग जाता येणार नाही."

"म्हणजे जायचं ठरवूनच आलात."

त्यानं खडूचा तुकडा उचलून डबीत ठेवला.

"पुढच्या आठवड्यापासून शेजारच्या खोलीतल्या ताई मिठूला घेतील," मी म्हणाले. "त्या चांगलं शिकवतात."

"असं करू नकोस. तिला तुझी सवय आहे. तू शिकव, मी येणारच नाही इथे."

"तिच्या तोंडून रोज तुमच्या घरातलं सगळं ऐकायचं? ऐकलेलं सगळं बोलते ती. मला नाही जमायचं."

"रागावलीस?"

"हो."

त्याला 'नाही' ऐकायची अपेक्षा असावी. पण मी ते म्हटलं नाही, उगाच हसलेही नाही. खाली मिठू बाबांना हाक मारत होती.

"जा," मी म्हणाले. "थांबल्यात त्या."

त्यानं चष्मा काढला. डोळ्यांत पाणी, काचांवर वाफ. दिवसभर लोकांच्या काचा पुसणारा माणूस, दोन्ही खिसे चाचपत राहिला. पुसायला काही सापडेना. शेवटी शर्टाच्या टोकानं पुसायला लागला, आणि काच आणखीच धुरकट झाली.

माझा रुमाल माझ्या हातात होता. मी दिला नाही.