वजा केलेला हात

मंगळावर थेंबभर समुद्र नाही, तरी वसाहतीचं नाव सागरवाडी. नाव द्यायला काय जातं! तिथल्या राज्यपालाची राजवट लोकांनी उलथून टाकली, त्याला वीस वर्षं झाली होती. आता नव्या सरकारनं ठरवलं होतं, की हुतात्म्यांच्या भिंतीवर आपल्या मनानं उठलेल्यांचीच नावं राहतील. पृथ्वीनं ज्यांना फूस लावली, त्यांची पुसायची.

हे ठरवायला वजागणित होतं. शिजलेल्या आमटीत मीठ पडलंच नसतं तर ती कशी लागली असती हे सांगावं, तसं हे गणित इतिहासातून एखादा हात वजा करी आणि उरलेले दिवस पुन्हा मांडून दाखवी.

कावेरीबाई तांडेल निकाल ऐकायला आल्या, तेव्हा त्यांना धड बसवत नव्हतं. त्यांचा मुलगा निनाद उठावाच्या दिवशी चौकात गोळी लागून गेला होता. ते नाव पुसलं गेलं, तर त्यांच्यापाशी उरणार काय होतं?

"मावशी, निनादचं नाव राहतंय," वजागणित मांडणाऱ्या डॉ. मेहरुन्निसा परकार म्हणाल्या. "पृथ्वीचा शब्दही त्याच्या कानावर गेला नव्हता."

कावेरीबाईंचा जीव भांड्यात पडला. "मी सांगतच होते. माझा पोरगा कुणाच्या नादी लागणारा नव्हता."

"दुपारी रेडिओवर शेजारणींची एक मालिका लागायची, आठवते?"

"न आठवायला काय झालं? भाकऱ्या थापताना ऐकायचे. कधी चुकवली नाही."

"ती पृथ्वीवरून यायची. राज्यपालानं पृथ्वीच्या बातम्या बंद पाडल्या, पण बायकांच्या मालिकेकडे कोण बघतो? त्यातली आई मुलाला काय म्हणायची?"

कावेरीबाईंना ते वाक्य आठवलं. उठावाच्या दुपारी निनाद जेवून आडवा झाला होता. शेजारची पोरं चौकाकडे निघाली, तेव्हा त्या मालिकेतल्या आईसारख्याच त्याला म्हणाल्या होत्या, "तू काय बांगड्या भरल्यास?" तो चपला घालून गेला. दर क्रांतिदिनाला त्या हे अभिमानानं सांगत आणि बायका त्यांची ओटी भरत.

"मालिका वजा केली, की तुम्ही ते बोलत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तो झोपून राहतो. पण कायदा फक्त त्याच्या कानांचं बघतो. तो आईच्या शब्दाखातर गेला, म्हणून नाव पक्कं."

कावेरीबाईंना स्वतःची किळस आली. "मग मारणाऱ्यांचीही एक भिंत बांधा. तिच्यावर माझं नाव घाला."

"तसं कसं करणार, मावशी? सागरवाडीतल्या निम्म्या आया त्या भिंतीवर येतील."

"येऊ देत," कावेरीबाई म्हणाल्या. "बांधा."